रोजच्या फोटोंत बांधकाम कळते का?

पत्राचा सारांश: बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील त्यांच्या गावी पडझड झालेले जुने घर उतरवून त्याच जागी आईवडिलांसाठी, आणि पुढे सर्वच कुटुंबासाठी, नवे घर बांधले जात आहे. गृहकर्ज त्यांच्या नावावर असून धाकट्या भावानेही खर्चाचा वाटा उचलला आहे. दिवाळीनंतर काम सुरू झाले, जोते पूर्ण झाले, चिऱ्याच्या भिंती आता लिंटेलपर्यंत, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत, आल्या आहेत आणि महिनाभरात स्लॅब पडणार आहे. ठेकेदार शेजारच्या गावचा असून त्याने नात्यातली दोन घरे बांधली आहेत. तो रोज संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आणि व्हिडिओ पाठवतो, त्यावर प्रत्येक जण काही ना काही सुचवतो, आणि या भगिनी रात्री उशिरापर्यंत तेच फोटो मोठे करून पाहत बसतात. मध्यंतरी त्यांनी साईटवर कॅमेराही बसवून घेतला. तरीही स्वयंपाकघराची पश्चिमेकडील मोठी खिडकी रद्द होऊन उत्तरेला लहान खिडकी आल्याचे त्यांना एका फोटोतूनच समजले. हा बदल ७२ वर्षांच्या वडिलांनी परस्पर करून घेतला होता. फोनवर वाद झाला तेव्हा वडील म्हणाले, "माझ्यावर पाळत ठेवण्यापेक्षा स्वतः येऊन उभी राहा." चार महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन गावी जावे, की फोटो पाहणेच बंद करून जे होईल ते होऊ द्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमची अस्वस्थता अनाठायी नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च आपल्या डोळ्यांआड होत असताना मन शांत ठेवा, असे मी तुम्हांला सांगणार नाही. मात्र तुम्ही पुढे ठेवलेले दोन्ही पर्याय, सर्व सोडून तिथे जाणे किंवा पाहणेच सोडून देणे, एकाच समजुतीतून आलेले आहेत. जितका अधिक वेळ बांधकाम नजरेसमोर राहील तितके ते आपल्या हातात राहील, ही ती समजूत. ती खरी असती तर साईटवर दिवसभर खुर्ची टाकून बसणाऱ्या प्रत्येक मालकाचे घर उत्तम झाले असते, आणि तसे होत नाही हे आपण आपल्या आसपास पाहतो.

संध्याकाळी येणाऱ्या फोटोत काय दिसते? भिंतीचे तीन थर वर गेले, चौकट उभी राहिली, खडीचा ढीग कमी झाला. हे सर्व खरे असते आणि आनंददायकही असते. परंतु घराचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते ते काम बहुधा काही तासांत किंवा एकदोन दिवसांत पुढच्या कामाखाली झाकले जाते. पायाच्या खड्ड्याच्या तळाशी कशी जमीन लागली, फूटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, सळईची जाळी मातीला टेकली होती की कव्हर ब्लॉकवर (सळई उचलून धरणाऱ्या लहान ठोकळ्यांवर) उचललेली होती, मिक्सरमध्ये पोत्यामागे किती पाणी पडले, काँक्रीट भरल्यावर चौथ्या दिवशी भर दुपारी खांबाभोवतीचे गोणपाट ओले होते की सुकलेले, यांपैकी काहीही त्या फोटोत नसते आणि नंतर कुठल्याच फोटोत येऊ शकत नाही. म्हणून रोज पाहावे की पाहू नये, हा विचार बाजूला ठेवा. झाकले जाण्यापूर्वी नेमके काय पाहायचे, ते केव्हा पाहायचे आणि कोणाच्या नजरेने पाहायचे, हे ठरवायला घ्या.

यातील "कोणाच्या नजरेने" हा भाग तुमच्या पत्रात सुटला आहे. वास्तुविशारदाने नकाशे दिले, रचनाकार अभियंत्याने सळईचे तपशील दिले आणि ठेकेदाराने काम सुरू केले, असे तुम्ही लिहिता. अभियंता साईटवर केव्हा आला होता, याचा मात्र कुठेही उल्लेख नाही. बहुतेक वेळा ठरलेली फी फक्त रेखाचित्रांची असते आणि साईटवरच्या भेटी वेगळ्या ठरवाव्या लागतात, ही गोष्ट घरमालकाला कोणी आवर्जून सांगत नाही. बँकेचा माणूस हप्ता सोडण्यापूर्वी पाहणी करून जातो, त्यामुळे काम तपासले गेले असेही अनेकांना वाटते. पण काम किती झाले आणि त्यावर किती कर्ज सोडता येईल, एवढेच पाहण्यासाठी तो आलेला असतो. काँक्रीटच्या दर्जाची जबाबदारी त्याच्यावर नसते. तुम्ही, तुमचे वडील, ठेकेदार, बँक आणि गटातील सर्व नातेवाईक मिळून इतक्या नजरा या घरावर असताना सळई वाचू शकणारी एकही नजर त्यांत नाही, हे मला तुमच्या रजेच्या प्रश्नापेक्षा अधिक गंभीर वाटते. रजेमुळे बुडणाऱ्या पगाराच्या अगदी लहानशा भागात अभियंत्याच्या ठरावीक भेटी होऊ शकतील.

पाया आणि जोते झाकले गेले आहे, त्याबद्दल आता घाबरून उपयोग नाही. इथे रोजच्या फोटोंचा एक खरा उपयोग होतो. नोव्हेंबरपासूनचे सर्व फोटो तारखेनुसार एकत्र करून अभियंत्याकडे पाठवा आणि त्यांत पायाची जाळी, खांबांची सळई व जोत्याची तुळई कितपत समजते, हे त्याला पाहायला सांगा. त्याला शंका आली तर उघड्या खांबांची हातोडी-चाचणी करून काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणाचा ढोबळ अंदाज घेता येतो. त्यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, पण पुढे काय करावे याची दिशा मिळते. आणखी एक गोष्ट अजून हातात असू शकते. जोत्यातला भराव भरून झाला असला तरी त्यावर फरशीखालचे काँक्रीट पडले नसेल, तर वाळवी-प्रतिबंधक फवारणी आत्ताच करून घ्या. जुने लाकडी घर उतरवलेल्या कोकणातल्या जागेत ही फवारणी टाळणे मला योग्य वाटत नाही.

ज्या वाचकांचे काम अजून आखणीपर्यंतच आले आहे, त्यांनी हा परिच्छेद विशेष लक्ष देऊन वाचावा. आखणीच्या दिवशी गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) आणि दोरी लावून झाल्यावर प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण फितीने मोजून घ्या. ते समान नसतील तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि ती चूक पुढे फरशीच्या शेवटच्या ओळीपर्यंत सोबत येते. जोत्याची उंची रस्त्याच्या आजच्या पातळीवरून ठरवू नका, कारण रस्ते दर डांबरीकरणाला वर येतात. नदीकाठच्या गावात असाल तर मागच्या मोठ्या पुराची खूण कुठे आहे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात कुठवर चढले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. सेप्टिक टँकच्या सांडपाण्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर ठेवावा, असा दंडक आहे. जांभ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपते, त्यामुळे जागा असेल तर त्याहूनही दूर आणि विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या बाजूला ठेवावा.

आता तुमच्या स्लॅबकडे येतो. पुढच्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त लक्ष इथेच लागणार आहे. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सेंटरिंग (काँक्रीटखालचा फळ्या-टेकूंचा साचा) पूर्ण होऊन सळई बांधून झालेली असताना, अभियंत्याची भेट ठरवा, आणि त्याने लेखी होकार दिल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही, हे ठेकेदाराला आत्ताच सांगून ठेवा. आदल्या दिवशीच का, तर चूक निघाली तर ती सुधारायला सळई बांधणाऱ्या फिटरला वेळ मिळावा म्हणून. स्लॅबच्या सकाळी मिक्सर लागलेला असतो, बिगारी जमलेले असतात, वाढप्याला जेवणाची वर्दी दिलेली असते. अशा वेळी चूक दिसली तरी थांबण्याची हिंमत कोणालाच होत नाही. त्या भेटीत सळईची जाडी आणि अंतर रेखाचित्राशी ताडून पाहावे. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत की दगडाच्या कपच्या खुपसल्या आहेत, तेही पाहावे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानातही स्लॅबच्या सळईला सर्वसाधारणपणे २० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ते वाढवावे लागते, आणि किती वाढवायचे हे तुमच्या गावाचे समुद्रापासूनचे अंतर पाहून अभियंत्यानेच सांगावे. किनारपट्टीवर वीसपंचवीस वर्षांतच स्लॅबचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी पडलेली घरे तुम्ही पाहिली असतील. त्यामागचे एक मोठे कारण हे अपुरे आवरण असते.

खांब आणि तुळयांच्या रिंगांकडेही, म्हणजे लांब सळयांना बाहेरून वेढून बांधणाऱ्या कड्यांकडेही, त्याच वेळी पाहून घ्यावे. रिंगेची दोन्ही टोके १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली असली पाहिजेत. फिटरला ते कष्टाचे वाटते म्हणून तो ती ९० अंशांतच सोडून देतो. एरवी या फरकाने काही बिघडलेले दिसत नाही, पण भूकंपाच्या हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट सुटले की ९० अंशांची रिंग उघडते आणि खांबाची पकड जाते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या जिल्ह्याच्या अगदी शेजारी झाला. तिथे घर बांधताना हा तपशील ऐच्छिक मानता येत नाही.

पंख्यांचे बॉक्स, विजेच्या नळ्या, पावसाच्या पाण्याच्या पाइपांची भोके आणि ओटीवर झोपाळा हवा असेल तर त्याच्या कड्या, हे सर्व काँक्रीटपूर्वी बसलेले असावे. नंतर स्लॅब फोडून कडी बसवलेला झोपाळा मला कधीच निर्धास्त वाटला नाही.

प्रत्यक्ष स्लॅबच्या दिवशी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची असेल, तर ती पाणी. काँक्रीट घट्ट असले की पसरायला श्रम पडतात, म्हणून वरून "पातळ सोड" अशी हाक येते आणि मिक्सरवाला आणखी एक बादली ओततो. एम-२० या दर्जाच्या काँक्रीटच्या ठरीव प्रमाणात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे मानक सांगते, आणि वाळू ओली असेल तर तितके पाणी त्यातून वजा करायचे असते. तुमच्या अभियंत्याने वेगळे मिश्रण दिले असेल तर त्याचा आकडा घ्यावा, पण आकडा घ्यावाच, आणि मिक्सरजवळ मापाची खूण केलेली बादली ठेवावी. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट सच्छिद्र होते, आणि पुढे त्यातूनच ओल शिरते. त्याच दिवशी चाचणीसाठी १५ सेंटिमीटरचे ठोकळेही भरून घ्यावेत. ६ ते १५ घनमीटर काँक्रीटसाठी दोन आणि १६ ते ३० घनमीटरसाठी तीन नमुने, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे, असा नियम आहे. २८ दिवसांनी ते जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत दाबून पाहता येतात. खेड्यातल्या घराला हे कशाला, असे ठेकेदार म्हणेल. त्याला शांतपणे सांगावे की चाचणीचा खर्च तुम्ही देणार आहात. मिक्सर मध्येच बंद पडला तर आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटचा जोड कोणत्या जागी सोडायचा, हेही अभियंत्याकडून आधी विचारून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी सोयीच्या जागी काम थांबवले जाणार नाही.

स्लॅबनंतरच्या दिवसांत वडिलांची भूमिका फार मोलाची ठरणार आहे, आणि इथूनच मला तुमच्या घरातल्या वादाकडे यायचे आहे. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेले) वापरले असेल, आणि आजकाल बहुधा तेच असते, तर काँक्रीट किमान १० दिवस आणि शक्यतो १४ दिवस सतत ओले राहिले पाहिजे. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे वाफे करून त्यांत पाणी साठवून ठेवतात. मार्चच्या उन्हात ते दुपारी आटते आणि ठेकेदाराचा माणूस संध्याकाळीच येतो. स्लॅबखालचे टेकूही घाईने काढले जातात, कारण सेंटरिंगवाल्याला त्याच्या फळ्या पुढच्या साईटवर न्यायच्या असतात. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालचे १४ दिवस हलवू नयेत. तुळईखाली ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१ दिवस ते ठेवावेत. मिश्र सिमेंट असेल तर आणखी थोडे थांबावे. हे दिवस भिंतीवर खडूने लिहून ठेवून ते पाळून घेण्याचे काम बंगळुरूहून होत नाही आणि कॅमेऱ्यानेही होत नाही. जागेवर राहणारा, शिस्तीचा आणि ज्याच्या शब्दाला गावात मान आहे असाच माणूस ते करू शकतो.

तुमच्या वडिलांना तुम्ही आतापर्यंत साईटवरचे आपले डोळे समजत होता. त्यांनी पाहावे, कळवावे, आणि निर्णय तुमच्याकडे यावेत. ज्या जागेवर ते जन्मले, जिथला पाऊस त्यांनी सात दशके पाहिला, तिथे त्यांना कळवण्यापुरते ठेवणे त्यांना लागले असेल, तर ते मला समजू शकते. खिडकीचेच पाहा. पश्चिमेची रुंद खिडकी नकाशावर सुंदर दिसते, संध्याकाळचा उजेड आणि समोरची भातशेती तिच्यातून दिसेल, हेही खरे. पण आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर त्या बाजूच्या भिंतीवर झड बसत राहते. जुन्या घरांना त्या बाजूला पडवी असे किंवा उघडे भाग कमी ठेवलेले असत, त्यामागे हाच अनुभव होता. त्यांनी कारण न सांगता बदल केला असेल, पण कारण नव्हते असे गृहीत धरू नका. फोनवर तुम्ही त्यांना "का बदलली?" असे विचारलेत की "मला न विचारता का बदलली?" असे? पत्रावरून मला दुसरा प्रश्न विचारला गेल्यासारखा वाटतो.

त्यांनी तुम्हांला आधी कळवायला हवे होते, याबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. कर्ज तुमच्या नावावर आहे म्हणून मी हे म्हणत नाही. भिंतीतला बदल नकाशाशी, लिंटेलशी आणि कधी कधी खांबाच्या जागेशी जोडलेला असतो, तो वास्तुविशारदापर्यंत पोहोचलाच पाहिजे, म्हणून म्हणतो. खिडकीचा प्रश्न अजूनही चर्चेने सुटू शकतो. पश्चिमेला खोल छज्जा देऊन मध्यम आकाराची खिडकी ठेवता येईल का, किंवा त्या बाजूला पडवी वाढवता येईल का, हे वास्तुविशारदाला विचारा. मात्र विचारायचे ते लिंटेल भरण्यापूर्वी. आज चार चिरे काढण्याचे काम आहे, नंतर तेच तोडफोडीचे होईल.

या प्रसंगात एका व्यक्तीचा उल्लेख मी पत्रात शोधत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून तुम्ही आणि वडील भांडलात, भावाने मध्यस्थी केली, काकांनी गटावर मत दिले. तुमच्या आईंचे नाव तुमच्या पत्रात एकदाच येते, आणि ते गवंड्यांना दोन वेळा चहा करून देणाऱ्या म्हणून. त्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त तास त्या उभ्या राहणार आहेत. धूर कुठून बाहेर जावा, ओटा त्यांच्या उंचीला किती असावा, भांडी घासायला मागच्या दारी उजेड कुठून हवा, विहिरीवरून येताना पायऱ्या किती चढाव्या लागाव्यात, हे त्यांना कोणी विचारले आहे का? नसेल तर आजच रात्री त्यांना स्वतंत्र फोन करा आणि त्यांचे म्हणणे वास्तुविशारदाला जसेच्या तसे कळवा. कुटुंबाच्या गरजेप्रमाणे घर बांधतो असे आपण म्हणतो, तेव्हा त्या गरजा कोणाच्या तोंडून ऐकल्या, याकडे मी फार लक्ष देतो.

गटाबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. निर्णयासाठी तुम्ही, भाऊ, वडील, वास्तुविशारद आणि ठेकेदार एवढ्यांचाच वेगळा गट करा, आणि कुटुंबाच्या मोठ्या गटावर आठवड्यातून एकदा, रविवारी, फोटो टाका. नातेवाइकांचा उत्साह खरा असतो. परंतु मुंबईच्या आत्याने सुचवलेली कमान आणि पुण्याच्या काकांनी सुचवलेला रंग ठेकेदाराच्या कानावर गेला की तो एक तर गोंधळतो किंवा प्रत्येक बदलाचे पैसे लावतो. ठेकेदाराने फक्त वडील आणि तुम्ही मिळून लेखी दिलेलेच बदल करावेत. त्यासाठी साईटवर एक साधी वही ठेवा. तिच्यात बदल काय, कशासाठी, खर्चात किती फरक आणि कोणाची संमती, एवढ्या नोंदी व्हाव्यात. ती वही वडिलांच्या हाती द्या. शिस्तीने नोंदी ठेवणारा माणूस त्या बदलाचा धनी होतो, आणि मग परस्पर बदल करण्याची गरजही उरत नाही.

कॅमेरा मात्र काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात माणूस सावलीत बसलेला दिसतो, पण तो सकाळी सातपासून चिरे उचलतो आहे हे दिसत नाही. तुम्ही तेवढे पाहून फोन करता, ठेकेदार कामगाराला बोलतो आणि तो कामगार पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साईटवर जातो. वडिलांनाही तो आपल्यावरच रोखलेला वाटतो, हे त्यांनी तुम्हांला सांगितलेच आहे. सिमेंट आणि सळईच्या चोरीची भीती असेल तर रात्रीपुरता आणि फक्त सामानाच्या खोलीकडे तोंड करून तो लावा, आणि तसे सर्वांना सांगून लावा.

पैशांचे मी शेवटी लिहितो आहे, पण ते कमी महत्त्वाचे आहे म्हणून नाही. तुमच्याकडे ठेकेदाराचे एका पानाचे दरपत्रक आहे, चौरस फुटाचा सामानासह दर आहे, आणि तो मागेल तसे पैसे जात आहेत. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या अशा घराला रेराचे, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचे, संरक्षण मिळत नाही, कारण तो कायदा विक्रीसाठी बांधणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी येते, त्यामुळे तो मार्ग खुला आहे. तरीही तिथे दाखवायला काही तरी लेखी लागते. उरलेल्या कामापुरता का होईना, मुद्रांकावर करार करा. त्यात सिमेंट व सळईचा प्रकार, प्रत्येक टप्प्याची रक्कम, आणि तो टप्पा अभियंत्याने पाहिल्यावरच पैसे देण्याची अट असावी. स्लॅबचे सर्व पैसे स्लॅबच्या दिवशी देऊ नका, काही भाग टेकू निघाल्यावर द्या. एकूण रकमेतला एक भाग, पाच टक्के तरी, एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवण्याचे ठरवा. चांगला ठेकेदार या अटींना नाही म्हणत नाही. त्याला वेळेवर पैसे मिळण्याची खात्री हवी असते, आणि टप्पे लेखी असले की ती खात्री त्यालाही मिळते. नात्यातली दोन घरे त्याने बांधली आहेत, तर त्या दोन्ही घरी जाऊन मागच्या पावसाळ्यात कुठे ओल आली, एवढेच विचारून यायला भावाला सांगा.

राहिली रजा. चार महिन्यांची बिनपगारी रजा घेऊ नका. त्यामुळे कर्जाच्या हप्त्यांवर ताण येईल आणि रिकाम्या दिवशी तुम्ही आणि वडील पुन्हा एकाच भिंतीवरून वाद घालाल. त्याऐवजी स्लॅबच्या वेळी पाच दिवस जा, सळईच्या तपासणीपासून वाफे भरेपर्यंत. दुसऱ्यांदा गिलाव्यापूर्वी दोनतीन दिवस जा. त्या वेळी भिंतीत घातलेल्या सर्व पाण्याच्या आणि विजेच्या नळ्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, स्वतः काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना ते उपयोगी पडतात. त्याच भेटीत न्हाणीघर आणि संडासाच्या जागी पाणी साठवून दोन दिवस ठेवून पाहा. छप्पर आणि कौले मेच्या मध्यापर्यंत पूर्ण होतील असे वेळापत्रक ठेकेदाराकडून आत्ताच लेखी घ्या, कारण कोकणात त्यानंतर आभाळाचा भरवसा नसतो. तिसऱ्यांदा जूनच्या मध्यावर, पहिल्या मोठ्या पावसात जा. राखून ठेवलेली रक्कम द्यायची की नाही, हे त्या दिवसांत कुठे ओल येते, कौलांखालून कुठे पाणी शिरते आणि जोत्याभोवती पाणी कुठे तुंबते, यावरून ठरेल. ज्या वाचकांना इतकीही रजा मिळणार नाही, त्यांनी निदान स्लॅबची भेट चुकवू नये आणि बाकीच्या दोन्ही वेळी अभियंत्याच्या लेखी अहवालावर काम चालवावे.

स्लॅबला महिना आहे असे तुम्ही लिहिता, पण पत्र माझ्यापर्यंत येऊन हे उत्तर छापले जाईपर्यंत त्यातले काही दिवस गेले असतील. म्हणून याच आठवड्यात प्रथम रचनाकार अभियंत्याला फोन करून लिंटेलच्या आणि स्लॅबच्या भेटीच्या तारखा आणि त्याची फी ठरवून घ्या. तारखा ठरल्या की त्या ठेकेदाराला तुम्ही कळवू नका, वडिलांना कळवायला सांगा, आणि दोन्ही भेटींच्या वेळी अभियंत्यासोबत साईटवर फिरून त्याने सांगितलेले वहीत उतरवून घ्याल का, असे त्यांना विचारा.